मजल, खेप आणि मजुरी

गोदाकाठच्या सायखेड्याला कांद्याचा लिलाव आटोपला, की माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर जातो, निवडून बारदानात भरला जातो आणि ट्रक रस्त्याला लागतो. एखादा वाशीला, एखादा दिल्लीला, एखादा थेट कोलकात्याला. वाशी दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोलकाता त्याच्या आठ-नऊ पट दूर. मग कोलकात्याला जाणाऱ्या चालकाची कमाईही आठ-नऊ पट होते काय? प्रश्न वरवर पाहता त्रैराशिकाचा वाटतो. परंतु वाहतुकीच्या इतिहासात तो त्रैराशिकाने सुटल्याचे क्वचितच दिसते.

आपल्या भाषेतच याची खूण आहे. ‘कोस’ हे अंतराचे माप. ‘मजल’ हे एका दिवसाच्या चालीचे. ‘खेप’ हे ओझ्यासह केलेल्या एका फेरीचे. आणि ‘हेलपाटा’ म्हणजे निष्फळ ठरलेली फेरी. अंतर तेच, श्रम तेच, पदरात मात्र काही नाही! वाहणाऱ्याचा मोबदला अंतरावर ठरतो, वेळेवर ठरतो की खेपेवर, हा झगडा या चार शब्दांत साठवलेला आहे.

रेल्वेपूर्व काळात कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य खाली नेण्याचे काम लमाण-वंजाऱ्यांचे तांडे करीत. बैल त्यांचे आणि पुष्कळदा मालही त्यांचाच. त्यामुळे त्यांची मिळकत कोसांवर नव्हे, तर दोन ठिकाणच्या भावांतील फरकावर अवलंबून असे. लांब जाण्यात जोखीम होती. पण लाभ झालाच तर तो चालणाऱ्याच्याच गाठीला लागे. मालक आणि वाहक यांची फारकत तेथे झालेली नव्हती.

ती फारकत अन्यत्र दिसते. मराठेशाहीत तातडीची पत्रे नेणारा अजूरदार कासीद ठरावीक मजुरीवर, ठरावीक दिवसांत पोचण्याच्या कराराने निघे. म्हणजे अंतराला किंमत होती, पण ती घड्याळाशी बांधलेली होती. याच्या अगदी उलट टोकाला वेठ होती. गावकामगार महाराने सरकारी ओझे वा निरोप घेऊन कितीही कोस तुडवले, तरी त्याची वेगळी मजुरी होत नसे. वतनाच्या नावाखाली ते सारे जमा होई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या वतनांसंबंधीचे विधेयक मांडले. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली झाला. सर्वांत जास्त चालणाऱ्याला सर्वांत कमी मिळण्याची परंपरा आपल्याकडे अशी दीर्घ आहे.

१८६५ च्या प्रारंभी थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला पोचली आणि लांब पल्ल्याची वाहतूक तांड्यांच्या हातून गेली. रेल्वेने सोबत एक नवे गणितही आणले. अंतर वाढेल तसा दर मैलामागचा आकार कमी होत जाई. ट्रकच्या धंद्यातही तेच तत्त्व उतरले. दूरच्या मालाचे एकूण भाडे अधिक, पण किलोमीटरमागे पडणारी रक्कम कमी.

हे झाले मालकाच्या भाड्याचे. चालकाला बहुधा बेताचा पगार आणि वर भत्ता मिळतो, अथवा खेपेमागे ठोक रक्कम. क्वचित डिझेल, टोल, जेवणखाण यांसाठी एकरकमी पैसे हातात पडतात आणि उरेल ते त्याचे. अशा व्यवस्थेत लांबची खेप मोठी दिसते. पण परतीचे भाडे मिळेपर्यंत परमुलखात दोन-तीन दिवस गाडीखाली झोपावे लागले, तर तीच रक्कम अधिक दिवसांवर पसरून पातळ होते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबईच्या वेशीवर, मुलुंडच्या जकात नाक्यावर, ट्रकांच्या रांगा लागत. त्या रांगेतल्या तासांचा किलोमीटर शून्य होता.

कायद्याने मात्र मोजला तो वेळ. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली; लांब पल्ल्यासाठी ती १० आणि ५४ पर्यंत सैल केली; जादा कामाला दुप्पट दर सांगितला. पण कायदा लागू होता तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडचा चालक त्याबाहेरच राहिला. पुढे २०२० मध्ये संमत झालेल्या कामगार संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

तुलनेसाठी दूर जायला नको. त्याच कसारा घाटातून एस.टी.चा चालक जातो. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून तो वेतनश्रेणीतला नोकर आहे. गाडी घाटात अडकली तरी त्याचा दिवस भरतो. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. गोणी उचलणारा माथाडी मजुरी घेतो ती नगावर किंवा वजनावर. तरीही १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याच्या मजुरीवर लेव्ही बसवून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधोपचार यांची तजवीज केली. तेव्हा दोष खेपेच्या हिशेबात नाही. मोकळ्या जाणाऱ्या वेळेचा भार कोणी सोसायचा, हे न ठरवण्यात आहे. गोणी ट्रकमध्ये चढेपर्यंत तिच्यामागे कायदा उभा असतो. ट्रक हलला की तो मागे राहतो.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या चालकांना मैलागणिक पैसे देण्याची रीत रूढ आहे आणि १९३८ च्या श्रमकायद्याने आंतरराज्य मालवाहतुकीच्या चालकांना जादा कामाच्या दरातून वगळले. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने रस्ता-सुरक्षेला बाध येईल असा अंतराशी जोडलेला मोबदला निषिद्ध ठरवला. एकाने मैलाला बक्षीस मानले, दुसऱ्याने धोका.

समृद्धी महामार्ग २०२५ च्या जूनमध्ये पूर्णत्वाने खुला झाला. मजल आखूड झाली. आता वाचलेले तास विश्रांतीचे ठरतील, की आणखी एका खेपेचे? जास्त चालवल्याने जास्त मिळते, हे अर्धसत्य आहे. जास्त मिळते ते गाडी ज्याची त्याला. चालवणाऱ्याला मिळते ती बहुधा पुढची खेप. हेल वाहणारा तो हेलकरी. त्याच्या मजुरीचा हेलपाटा होऊ नये, एवढा न्याय तरी या शब्दांचे वारसदार म्हणून आपण मागायला हवा.