वायुवीजन आणि ऊब : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहान घरांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

निवारा ही मानवाची मूलभूत गरज होय. तिचा विचार करताना भिंती आणि छप्पर यांची चर्चा पुष्कळ होते. त्या भिंतींच्या आत कोंडलेल्या हवेची चर्चा क्वचितच होते. थंड हवामानाच्या देशांत मात्र गेल्या पन्नास वर्षांत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. 1973 च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी तेथील घरे हवाबंद होऊ लागली आणि हवाबंद घरात श्वास कसा घ्यावयाचा, हा पेच निर्माण झाला. कॅनडातील रेजायना येथे 1977 मध्ये उभारलेल्या ‘सॅस्कॅचेवान कॉन्झर्व्हेशन हाऊस’ या प्रायोगिक घरात बाहेर जाणाऱ्या हवेची ऊब आत येणाऱ्या थंड हवेला देण्याची योजना होती. दोन्ही हवा पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहत. हवा मिसळत नसे, उष्णता तेवढी परत मिळे. आज हेच तंत्र लहान सदनिकांसाठी भिंतीतील एका नळीएवढ्या जागेत मावते. नळीतील सिरॅमिकचा ठोकळा मिनिटभर बाहेर जाणाऱ्या हवेची उष्णता शोषतो. मग पंखा उलट दिशेने फिरतो आणि तीच उष्णता आत येणाऱ्या हवेला मिळते.

हे यंत्र आपल्या परिसरातील घरांत सहसा आढळणार नाही. परंतु ऊब राखावी की हवा बदलावी, हा त्यामागील पेच झाडीपट्टीतील घरांना नवा नाही. या घरांचा इतिहास त्या दृष्टीने फारसा पाहिला गेलेला नाही; प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

कुडाचे घर आणि धूर

26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली जिल्हा स्वतंत्र झाला. तोपर्यंत हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत होता आणि जुन्या कागदपत्रांत तो ‘चांदा’ या नावाने येतो. येथील साधे घर म्हणजे बांबूचा कूड, त्यावर मातीचा लेप आणि वर कवेलू किंवा गवत. खिडकी नसे, असलीच तर झरोक्याएवढी. त्यावरून ही घरे कोंदट होती असा निष्कर्ष काढला जातो. तो अर्धाच खरा आहे. कवेलूंच्या सांध्यांतून, आढ्याजवळच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांच्यामधील मोकळ्या जागेतून हवा सतत वाहत असे. चुलीची उष्ण हवा हलकी होऊन वर चढे व छपरातून निघून जाई. तिच्या जागी दाराकडून ताजी हवा येई. छप्पर हेच धुराडे होते.

धुराचे उपयोगही होते. चुलीवर टांगलेले बियाणे किडीपासून वाचे, वासे आणि बांबू भुंग्यांपासून टिकत. ही व्यवस्था आदर्श होती असे मात्र म्हणवत नाही. धूर छपरापर्यंत पोहोचण्यापूर्वी चुलीपुढे बसलेल्या स्त्रीच्या डोळ्यांत व छातीत जाई आणि तिच्या कडेवरच्या मुलाच्याही. पारंपरिक घराचे गुणगान करणाऱ्या लेखनात ही स्त्री बहुधा दिसत नाही.

याच सुमारास युरोपातही ऊब आणि हवा यांचा वाद चालू होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी 1859 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शुश्रूषाविषयक पुस्तकाचे पहिलेच प्रकरण या विषयाला दिले. रुग्णाला गारठा न लागू देता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, ही त्यांची पहिली अट होती. उबेसाठी खिडक्या बंद करणे त्यांना अजिबात मान्य नव्हते. अंगावर पांघरूण असावे आणि खिडकी उघडी असावी, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. हे सूत्र पुढील विवेचनात पुन्हा येणार आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न

धुराच्या प्रश्नाला पहिले संघटित उत्तर शेजारच्या वर्धा जिल्ह्यातून आले. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि धुराडे असलेली ‘मगन चूल’ हे नाव तेथूनच रूढ झाले. पुढे 1983-84 मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो 2002 मध्ये गुंडाळला गेला. या चुलीत धुराडे साफ ठेवावे लागते, फुटले तर बदलावे लागते आणि त्यासाठी छपराला भोक पाडावे लागते. पावसाळ्यात त्या भोकातून पाणी घरात येते. योजनांच्या अहवालांत वाटलेल्या चुलींची संख्या असते, गळणाऱ्या छपरांची नसते. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली आणि गॅस दूरच्या गावांपर्यंत पोहोचला. तरीही अंघोळीचे पाणी आणि जनावरांचे आंबोण अनेक घरांत चुलीवरच शिजते, कारण जंगलातील सरपणाला पैसे पडत नाहीत.

बाळंतिणीची खोली

ऊब आणि हवा यांचा संघर्ष सर्वांत तीव्र होतो तो बाळंतिणीच्या खोलीत. डिसेंबर-जानेवारीत या भागात रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास उतरते. बाळ गारठू नये म्हणून दार लावायचे, खाटेखाली शेक ठेवायचा, ही रीत जुनी आहे. नवजात बाळाचे अंग थंड पडणे जीवघेणे असते. पण त्याच बंद खोलीतील धूरही त्याच्या फुप्फुसांत जातो. आजीबाईंचे म्हणणे चुकीचे नव्हते आणि डॉक्टरांचेही नव्हते.

गडचिरोलीतील ‘सर्च’ या संस्थेचे काम येथे विशेष महत्त्वाचे आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांचा बालकांच्या न्यूमोनियावरील अभ्यास 1990 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आजार ओळखून प्रतिजैविक दिलेल्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या तुलनेत 54 टक्क्यांनी कमी आढळले. घर तेच, चूल तीच, मृत्यू मात्र निम्म्याहून कमी. सुधारणेसाठी घर बदलण्याची वाट पाहावी लागत नाही, हे त्यातून दिसले. 1999 मध्ये त्याच नियतकालिकात घरगुती नवजात-बाळ सेवेचा अभ्यास आला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदले आहे. या सेवेत जंतुसंसर्गावरील उपचारांबरोबर बाळाला ऊब देण्यासाठी पांघरूण आणि उबदार झोपपिशवी यांचाही समावेश होता. प्रस्तुत लेखकाच्या मते वायुवीजनाच्या दृष्टीने ही पिशवी उल्लेखनीय आहे. खोली तापविण्याऐवजी बाळाभोवतीची हातभर जागा उबदार ठेवली, की खोलीचे दार उघडे ठेवता येते. रेजायनाच्या अभियंत्यांनी यंत्राने साधलेली गोष्ट येथे शिवलेल्या कापडाने साधली, आणि नाइटिंगेलबाईंना ती लगेच पटली असती.

घरकुल

1985-86 मध्ये सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेने आणि 2016 पासून तिच्या जागी आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने (ग्रामीण) या जिल्ह्यांतील खेड्यांचे रूप पालटले. इंदिरा आवास योजनेत किमान 20 चौरस मीटर जोते आणि निर्धूर चूल अपेक्षित होती. नव्या योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान 25 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 269 चौरस फूट, धरले आहे. पावसापासून, सापांपासून आणि दरवर्षी कवेलू फेरण्याच्या कामापासून सुटका झाली, हे लाभ मोठे आहेत. परंतु स्लॅब पडला तेव्हा छपरातील वाट बंद झाली आणि तिच्या बदल्यात दुसरी वाट ठेवावी, हे बहुधा कोणाच्या ध्यानात आले नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खाली उष्णता सोडतो आणि गरम हवा त्याखाली अडकून राहते. अशा वेळी घरची माणसे अंगणात झोपतात; जुने कुडाचे घर मागे सांदवाडीत उभे असेल तर चूलही तेथेच राहते. शासकीय भाषेत ते ‘कच्चे’ घर असते. 2001 आणि 2011 च्या जनगणनांनी छप्पर, भिंत व जमीन कशाची आहे हे विचारले, स्वयंपाकघर व इंधन विचारले. खिडकी आहे का, हे विचारले नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-कोरड्या हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक-दशांश आणि उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश इतकी खिडक्या-झरोक्यांची जागा सुचविली आहे. म्हणजे 25 चौरस मीटरच्या घरकुलाला पहिल्या हिशेबाने 2.5 आणि दुसऱ्या हिशेबाने 4 चौरस मीटरहून थोडी अधिक जागा हवी. आपल्याकडे मे महिना पहिल्या प्रकारचा आणि ऑगस्ट दुसऱ्या प्रकारचा असतो. तेव्हा कोणता आकडा धरावा?

चंद्रपूर शहर

शहरात हाच प्रश्न उलट बाजूने येतो. मे महिन्यात पारा 46-47 अंशांवर जाणाऱ्या चंद्रपुरात ऊब राखायची नसून गारवा राखायचा असतो. वाळ्याच्या ताट्या आणि पुढे आलेले कूलर यांचा एक गुण दुर्लक्षित राहिला : कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो आणि समोरची खिडकी उघडी असेल तरच नीट चालतो. म्हणजे तो गारव्याबरोबर वायुवीजनही करतो. घरोघरी दिसणारा स्प्लिट पद्धतीचा वातानुकूलक तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. कूलरकडून वातानुकूलकाकडे होणारा प्रवास हा हवा बदलणाऱ्या घराकडून हवाबंद घराकडे होणारा प्रवासही आहे.

येथे एक अडचण मान्य केली पाहिजे. खिडकी उघडा, हा सल्ला चंद्रपूर, घुग्घुस किंवा बल्लारपूर येथे तितकासा सोपा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या सर्वंकष निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होते. खाणी, औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाची वाहतूक यांची धूळ खिडकीच्या गजांवर रोज पुसावी लागते. खाण कामगारांच्या वस्त्यांतील जुनी कोळशाची शेगडी अंगणात पेटवून धूर सरल्यावर आत आणली जाई. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, म्हणून त्याची भीतीही वाटत नसे. अशा ठिकाणी, जेथे आतली हवा कोंडलेली आणि बाहेरची धुळकट, तेथे गाळणी बसविलेल्या आणि गारवा परत मिळविणाऱ्या लहान यंत्राला खरे स्थान असू शकते. त्याची किंमत आणि वीज मात्र सदनिकाधारकाला परवडणारी आहे, घरकुलाच्या लाभार्थ्याला नाही. घरकुलासाठी भिंतीच्या वरच्या टोकाला, स्लॅबला लागून, समोरासमोर दोन जाळीदार झरोके पुरेसे आहेत. मंजूर नकाशात ते दाखविले आणि हप्ता देताना तपासले तर वेगळ्या अनुदानाची गरज पडणार नाही.