विंडो-प्रणालीतील दुहेरी बफर : एका रखडलेल्या युक्तीचा इतिहास

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे चित्र मेमरीच्या एका राखीव भागात पिक्सेलवार साठवलेले असते. या भागाला फ्रेम बफर म्हणतात, आणि पडद्याची यंत्रणा तो सेकंदाला साठ-सत्तर वेळा वाचून चित्र पुन्हा पुन्हा उमटवते. प्रोग्राम त्याच बफरमध्ये जुने चित्र पुसून नवे काढू लागला, तर ते पुसणे आणि अर्धवट रेखाटनही डोळ्यांना दिसते व चित्र लुकलुकते. यावरचा उपाय म्हणजे दुहेरी बफर : पुढच्या बफरमधील चित्र दिसत असताना नवे चित्र मागच्या बफरमध्ये रचायचे आणि ते पुरे झाल्यावर दोहोंची अदलाबदल करायची. संगीत नाटकांत पडद्यापुढे रस्त्याचा प्रवेश रंगत असताना मागे राजवाडा उभा केला जाई, तीच ही युक्ती.

युक्ती सोपी असूनही विंडो-प्रणालींत ती सार्वत्रिक होण्यास सुमारे दोन दशके लागली. पहिली अडचण मेमरीच्या किमतीची होती. 1280 × 1024 पिक्सेलच्या पडद्यासाठी, दर पिक्सेलला 24 बिट धरल्यास, एकाच बफरला पावणेचार मेगाबाइट लागतात, आणि 1980 च्या दशकात हा खर्च दुप्पट करणे बहुतेक यंत्रांना परवडणारे नव्हते. 1984 साली एमआयटीत रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस यांनी सुरू केलेल्या एक्स विंडो सिस्टिमवर या काटकसरीची छाप स्पष्ट दिसते. विंडोचा झाकला गेलेला भाग जपून ठेवण्याची हमी तीत सर्व्हर, म्हणजे पडदा सांभाळणारा प्रोग्राम, देत नाही. तो भाग उघडा पडला की ‘एक्स्पोज’ ही सूचना पाठवून तो पुन्हा रंगवण्याचे काम मूळ प्रोग्रामवरच सोपवतो.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. संपूर्ण पडद्याची अदलाबदल करायची असेल, तर यंत्रणेने कोणता बफर वाचावा एवढेच बदलावे लागते. परंतु एकमेकींवर चढलेल्या अनेक विंडोंपैकी एकीचेच चित्र बदलायचे असेल, तर हा मार्ग खुंटतो. म्हणून प्रोग्रामर पिक्समॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या मेमरीतील न दिसणाऱ्या चित्रफलकावर, रेखाटन करून ते विंडोत उतरवून घेत. आठ बिटांच्या यंत्रांवर आणखी एक तोड निघाली होती : आठ बिटांचे चार-चार असे दोन भाग करून एकात दिसणारे व दुसऱ्यात पुढचे चित्र ठेवायचे, आणि रंगांचा तक्ता बदलून त्यांची अदलाबदल करायची; मात्र त्यापायी 256 रंगांचे 16 उरत, आणि ही किंमत थोडीथोडकी नव्हती.

त्रिमितीय चित्रांसाठी 1992 च्या ओपनजीएल या आज्ञावलीने आणि तिला एक्सशी जोडणाऱ्या जीएलएक्सने अदलाबदलीची आज्ञा दिली; साध्या द्विमितीय प्रोग्रामांना मात्र प्रमाणित सोय मिळाली ती 1996 च्या एक्स11 आर6.1 या आवृत्तीतील ‘डबल बफर एक्स्टेन्शन’ या जोड-सुविधेने. अदलाबदलीनंतर मागच्या बफरमध्ये काय उरावे, याचे चार पर्याय तीत आहेत : काहीही असू शकेल, पार्श्वरंग भरावा, आधी दिसत असलेले चित्र राहावे, किंवा आता दिसणाऱ्या चित्राची प्रत राहावी. पहिला पर्याय ढिसाळ वाटला तरी तोच सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण खरी अदलाबदल करायची की नुसती नक्कल, हे त्यामुळे यंत्राच्या कुवतीवर सोडता येते. ही सोय मात्र उशिरा आली. पुढे 2002 च्या जीटीके 2.0 या बटणे-विंडो रचण्याच्या प्रोग्राम-संचाने स्वतःच पिक्समॅप वापरून दुहेरी बफर अंगभूत केला आणि सामान्य प्रोग्रामरला या एक्स्टेन्शनचे फारसे कारण राहिले नाही.

मेमरी स्वस्त झाल्यावर विंडोंची चित्रे जपून न ठेवण्याची मूळ तडजोडच मोडीत निघाली. 2001 च्या मॅक ओएस टेनमध्ये आणि 2007 च्या विंडोज व्हिस्टामध्ये विंडो आधी आपापल्या बफरमध्ये रंगू लागल्या व त्यांचे एकत्र चित्र वेगळा प्रोग्राम जुळवू लागला. एक्समध्ये हीच वाट 2004 च्या सुमारास ‘कंपोझिट’ एक्स्टेन्शनने उघडली. 2008 साली क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या विंडो-प्रणालीच्या मूळ नियमावलीत तर रेघ किंवा वर्तुळ काढण्याची विनंतीच नाही. प्रोग्रामने पूर्ण रंगवलेला बफर हवाली करायचा, एवढीच तीत तरतूद आहे.