झऱ्याकाठची वांगारी

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. माझी मजल सातवीपर्यंतच. पण एका विदुषीची हकीकत वाचल्यापासून ती मनातून जात नाही, तीच सांगते.

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशात, न्येरी भागातल्या इहिथे या खेड्यात वांगारी मथाई १९४० साली जन्मली. तेव्हा तेथे इंग्रजांचे राज्य होते. वडील एका गोऱ्या मळेवाल्याकडे कामाला, आई शेतात राबणारी. घराजवळ आपल्या उंबराच्या जातीचा एक मोठा वृक्ष होता आणि तेथेच एक झरा. हे देवाचे झाड, याचे सरपण आणायचे नाही, अशी आईची ताकीद असे. छोटी वांगारी झऱ्यातली बेडकांची अंडी मणी समजून वेचायला जाई आणि ती हातातून निसटत.

मुलींना शाळेत धाडण्याची रीत फारशी नव्हती. भावानेच एकदा आईला विचारले, वांगारी शाळेत का येत नाही? आईने हरकत घेतली नाही. तेवढ्या होकारावर एका आयुष्याची दिशा फिरली.

१९६० साली शिष्यवृत्ती मिळवून ती अमेरिकेस गेली आणि जीवशास्त्राच्या दोन पदव्या घेऊन १९६६ साली परतली. विद्यापीठात कबूल झालेली जागा दुसऱ्यालाच दिलेली! तरी ती खचली नाही. पशुवैद्यकाच्या शाखेत काम धरले आणि १९७१ साली नैरोबी विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पूर्व व मध्य आफ्रिकेत हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. पुढे त्या विभागाची प्रमुखही झाली.

मला खरे कौतुक वाटते ते याच्या पुढचे. गावी जाऊन पाहते तो चहाच्या लागवडीसाठी ते झाड तोडलेले आणि झरा आटलेला. त्या झाडाची मुळे खडकातून खोल जातात, जमिनीतल्या पाण्याला वर वाट देतात, माती धरून ठेवतात. आईची ताकीद शास्त्राला धरूनच होती! औदुंबराजवळ पाणी असते, असे आपली वडीलधारी माणसे सांगत, ते मला आठवले.

तेथील महिला परिषदेत खेड्यातल्या बायका सांगत, सरपण नाही, स्वच्छ पाणी नाही. वांगारीबाई म्हणाल्या, मग झाडे लावू या. ५ जून १९७७ रोजी नैरोबीत सात रोपे लावून आरंभ झाला. रोपे करणे हे शिकलेल्यांचे काम, असे वनखात्याचे लोक म्हणत. बायकांनी फुटक्या भांड्यांत बी रुजवून दाखवले. जगलेल्या रोपामागे त्यांना थोडे पैसेही मिळत. पुढे झाडांची संख्या कोट्यवधींवर गेली. वांगारीबाईंना सरकारचा रोष, मार आणि तुरुंगही सोसावा लागला. २००४ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०११ साली त्या निवर्तल्या.

माझी शाळा सुटली तेव्हा, ही का येत नाही, असे कोणी विचारले नाही. त्याचा राग आता उरला नाही. पण भगिनींनो, आपल्या आळीतली एखादी मुलगी दप्तर खुंटीला टांगून घरी बसलेली दिसली, तर तो प्रश्न तिच्या घरी जाऊन आपण विचारावा. मंडळाच्या वर्धापनदिनी माझे एवढेच मागणे आहे.