स्थळाची चिठ्ठी

ज्या मोलुक्का बेटांतील लवंग-जायफळाच्या मक्त्यासाठी पोर्तुगीज आणि डच यांनी पिढ्यान्‌पिढ्या गलबते व तोफा खर्ची घातल्या, त्यांपैकी बाचान या बेटावर, डचांचे मांडलिकत्व पत्करलेल्या तेथील सुलतानाच्या मुलखात, १८५८ च्या ऑक्टोबरात आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज संग्राहक येऊन उतरला, तो तेथील पर्जन्यारण्यातील कीटकांच्या ओढीने. वॉलेस धनिक नव्हता. लंडनमधील सॅम्युएल स्टीव्हन्स हा अडत्या त्याचे जादा नमुने विकी आणि त्या रकमेवर त्याचा प्रवास चाले. मलाया द्वीपसमूहातील आठ वर्षांत त्याने आणि त्याच्या मदतनिसांनी जमविलेल्या १,२५,६६० नमुन्यांपैकी लाखाहून अधिक कीटकच होते.

या उद्योगात वॉलेसचा कटाक्ष एका गोष्टीवर असे. संग्रहालयांतील नमुन्यांवर केवळ ‘ब्राझील’ किंवा ‘पेरू’ एवढेच लिहिलेले असते, अशी तक्रार त्याने ॲमेझॉनहून परतल्यावर १८५२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली होती. आणि कोणता जीव नेमका कोणत्या बेटावर सापडला याची काटेकोर नोंद ठेवल्यामुळेच आशियाई व ऑस्ट्रेलियाई प्राणिसृष्टींना विभागणारी, पुढे त्याच्या नावाने प्रसिद्ध झालेली सीमारेषा त्याला आखता आली.

बाचानमध्ये सोनेरी पंखांचे एक भव्य फुलपाखरू हाती आले तेव्हा आपली छाती धडधडू लागली व उरलेला दिवस डोके दुखत राहिले, असे त्याने सविस्तर लिहिले आहे. परंतु त्याच बेटावर मिळालेल्या, प्रचंड जबड्यांच्या एका काळ्या माशीची बोळवण मात्र त्याने ओझरत्या उल्लेखाने केली. ब्रिटिश म्युझियममधील फ्रेडरिक स्मिथने १८६० मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध करून तिला ‘मेगाकाइल प्लूटो’ हे नाव दिले. मादीची लांबी सुमारे ३८ मिलिमीटर, पंखांचा विस्तार सहा सेंटिमीटरांहून अधिक; मधमाश्यांच्या विशाल गोतावळ्यात याहून मोठी जात ज्ञात नाही.

त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही माशी कोणा अभ्यासकाच्या दृष्टीस पडली नाही. १९८१ मध्ये ॲडम मेसर या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने बाचान आणि शेजारच्या बेटांवर तिची घरटी शोधली, आणि टाचणीला टोचलेले कलेवर जे कधीच सांगू शकले नसते ते तेव्हा उमगले: मादी त्या जबड्यांनी झाडांची राळ गोळा करते, झाडावरील वाळवीच्या वसतीत बिऱ्हाड थाटते आणि राळेचे अस्तर देऊन यजमानांना आपल्या दालनांबाहेर ठेवते.

जिवंत माशीची पहिली छायाचित्रे २०१९ च्या जानेवारीत क्ले बोल्ट या छायाचित्रकाराने उत्तर मोलुक्कात टिपली. ती पाहून ओळख पटविता आली, याचे श्रेय वॉलेसच्या मृत नमुन्याला आणि स्मिथच्या वर्णनालाच आहे. मात्र वृत्तान्त प्रसिद्ध करताना शोधपथकाने नेमके स्थळ जाहीर केले नाही, कारण आदल्याच वर्षी या जातीचा एक नमुना इंटरनेटवरील लिलावात ९,१०० डॉलरांना विकला गेला होता.

ज्या क्रयविक्रयावर वॉलेसचा चरितार्थ चालला, त्याच क्रयविक्रयाने स्थळाची चिठ्ठी शास्त्राला दडवायला लावली. वॉलेसच्या काळी अरण्य अथांग वाटे आणि नमुन्यांचे गिऱ्हाईक दूर लंडनमध्ये असे. आज त्या बेटांवरील अरण्य तोडीमुळे आक्रसत आहे आणि गिऱ्हाईक मात्र घरबसल्या बोली लावू शकते. अशा स्थितीत स्थळाची नोंद काटेकोरपणे करणे हे अभ्यासकाचे कर्तव्य पूर्वीइतकेच अटळ आहे. पण ती नोंद कोणाच्या हाती द्यावी, हा विवेकही आता त्याच कर्तव्याचा भाग झाला आहे.