फायरवॉल आणि त्रयस्थ सॉफ्टवेअर : सुरक्षादोषांचा एक ऐतिहासिक आढावा

प्रास्ताविक :
फायरवॉल म्हणजे संस्थेचे अंतर्गत संगणकजाळे आणि बाहेरील इंटरनेट यांच्या सीमेवरील तपासणी चौकी होय. ये-जा करणारी माहिती ठरावीक नियमांनुसार तपासणे हे तिचे कार्य. परंतु ही चौकी स्वतःही एक संगणकच असते आणि तिच्यातील बरेचसे सॉफ्टवेअर उत्पादक कंपनीने लिहिलेले नसते, ही बाब दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. या परावलंबनाचा उगम व परिणाम यांचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

साधेपणाकडून संमिश्रतेकडे :
नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मने इंटरनेटवरील परस्परविश्वासाला तडा दिला. त्यानंतरच्या काळात फायरवॉलची संकल्पना दृढ झाली. १९९३ मध्ये मार्कस रॅनम व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या टीआयएस फायरवॉल टूलकिटमागे एक स्पष्ट तत्त्व होते : सुरक्षेचे काम करणारा प्रोग्राम लहान असावा, म्हणजे तो वाचून तपासता येतो. पुढे बाजारपेठेच्या मागणीनुसार व्हीपीएन, विषाणुतपासणी, संकेतस्थळांचे नियंत्रण अशा सोयी एकाच उपकरणात आल्या. २००४ मध्ये आयडीसी या संस्थेने अशा उपकरणांना 'युनिफाइड थ्रेट मॅनेजमेंट' हे नाव दिले. इतक्या सोयी मुळापासून लिहिणे खर्चिक असल्याने तयार लायब्ररींचा वापर वाढला आणि मूळ तत्त्व मागे पडले.

प्रमुख प्रसंग :
७ एप्रिल २०१४ रोजी ओपनएसएसएल या लायब्ररीतील 'हार्टब्लीड' दोष जाहीर झाला. समोरून आलेल्या संदेशाची सांगितलेली लांबी खरी आहे की नाही, हे तपासले जात नव्हते; त्यामुळे दर वेळी ६४ किलोबाइटपर्यंत स्मृतीतील मजकूर बाहेर जाऊ शकत असे. मार्च २०१२ पासून वापरात असलेल्या या दोषाची झळ फोर्टिनेट, ज्युनिपर यांसारख्या कंपन्यांच्या काही सुरक्षा उपकरणांनाही बसली. त्याच वर्षी अमेरिकेतील कम्युनिटी हेल्थ सिस्टिम्स या रुग्णालय समूहातील सुमारे ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीस गेली. या चोरीची वाट ज्युनिपरच्या उपकरणातील हार्टब्लीडमधून गेली, असे ट्रस्टेडसेक या सुरक्षा संस्थेने प्रतिपादन केले.

जुलै २०१९ मध्ये आर्मिस या कंपनीने 'अर्जंट/११' या नावाने अकरा दोष उघड केले. ते व्हीएक्सवर्क्स या कार्यप्रणालीच्या जालसंपर्क भागात होते. हा भाग मूळचा इंटरपीक या स्वीडिश कंपनीचा. २००६ मध्ये ती कंपनी विंड रिव्हरने विकत घेतली होती. सोनिकवॉलचे फायरवॉल याच प्रणालीवर आधारलेले असल्याने, तपासणीसाठी आलेले पॅकेटच तपासनीसाचा ताबा घेऊ शकेल, अशी स्थिती निर्माण झाली. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या जावा लायब्ररीतील दोषाने पालो आल्टोच्या पॅनोरामा या फायरवॉल-व्यवस्थापन प्रणालीच्या काही आवृत्त्या बाधित झाल्या.

कारणमीमांसा :
या प्रसंगांत तीन समान सूत्रे आढळतात. पहिले, उपकरण विकत घेणाऱ्यास त्यातील घटक ठाऊक नसतात; सर्व्हरवरील लायब्ररी तो स्वतः बदलू शकतो, बंदिस्त उपकरणात मात्र उत्पादकाच्या दुरुस्तीची वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नसते. दुसरे, दोष जाहीर होताच तो हल्लेखोरासही कळतो. दुरुस्तीस लागणारा प्रत्येक दिवस त्याच्या पथ्यावर पडतो. तिसरे, लाभ व जबाबदारी यांची फारकत झालेली असते. २०१४ मध्ये जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएलचे काम पूर्णवेळ पाहणारी व्यक्ती एकच होती.

उपाययोजना व निष्कर्ष :
हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनने अशा मूलभूत प्रकल्पांसाठी निधी उभारला. मे २०२१ मधील अमेरिकी अध्यक्षीय आदेशाने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीस महत्त्व दिले. भारतात सर्ट-इन या संस्थेने २०२४ मध्ये घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तथापि सूची म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती नियमित पडताळली जाणे, व्यवस्थापनाचे पान इंटरनेटवर खुले न ठेवणे आणि खरेदीच्या करारातच दुरुस्तीची मुदत निश्चित करणे आवश्यक ठरते. महाविद्यालयांच्या जाळ्यांतही विद्यार्थ्यांच्या नोंदी व परीक्षाविषयक माहिती असते. फायरवॉल बसविला म्हणजे जबाबदारी संपली, असे मानणे या इतिहासाच्या प्रकाशात धोक्याचे ठरेल. रक्षकावरील विश्वास हाही तपासणीचाच विषय आहे.