बिनेची मोजपट्टी आणि तिच्याभोवतीची माणसे

बुद्धिमापनाचा इतिहास सांगताना आल्फ्रेद बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाचे नाव कोणी टाळीत नाही. परंतु ही मोजपट्टी ज्या शाळेत घडली, ज्या शिक्षकांच्या संगतीने घडली आणि ज्या निकडीतून घडली, त्यांचा उल्लेख बहुधा एका वाक्यात आटोपला जातो. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र होय. या चाचण्यांच्या मराठी रूपांतराचा विचार करीत असता मूळ फ्रेंच प्रसंगाकडे वळावे लागले, आणि तेथे जे आढळले ते सामान्य समजुतीपेक्षा बरेच निराळे निघाले. बिनेची चाचणी ही एकट्या तज्ज्ञाची निर्मिती नव्हती; आणि तिच्या आधारे एकट्या तज्ज्ञाने निर्णय द्यावा, हाही तिचा हेतू नव्हता.

फ्रान्समध्ये 1882 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सक्तीपूर्वी जे मूल शाळेत रमत नसे ते निमूटपणे घरी राही. आता ते वर्गात येऊन बसू लागले आणि त्याचे काय करावे हा प्रश्न शिक्षकापुढे उभा राहिला. अशा वातावरणात 1899 मध्ये पॅरिस येथे बालकांच्या मानसशास्त्रीय अभ्यासासाठी एक मुक्त संस्था निघाली. फेर्दिनाँ ब्युइसाँ हे तिच्या प्रवर्तकांत प्रमुख होते. ‘मुक्त’ हे विशेषण येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. ती सरकारी नव्हती, विद्यापीठाचीही नव्हती. प्राथमिक शिक्षक, मुख्याध्यापक, पालक, वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ हे एकाच सभेत बसत. आरंभी शिक्षकांकडे प्रश्नावल्या धाडण्याचा उद्योग झाला. उत्तरांचे ढीग जमले. उपयोग अल्प झाला. बिनेने ही पद्धती स्पष्टपणे नापसंत केली आणि संस्थेला प्रत्यक्ष प्रयोगाकडे वळविले. शिक्षकाला केवळ माहिती पुरविणारा न मानता त्याच्या वर्गातच त्याच्यासह निरीक्षण करावे, असा हा पालट होता.

या संस्थेच्या आग्रहालाही काही अंशी यश येऊन 1904 मध्ये शिक्षणमंत्रालयाने लेआँ बुर्झ्वा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने ठरविले की, शालेय आणि वैद्यकीय परीक्षा झाल्यावाचून कोणत्याही मुलाला साध्या शाळेतून काढून विशेष वर्गात घालू नये. निर्णय उत्तम, परंतु ती परीक्षा कशी घ्यावयाची, याविषयी समिती मूक राहिली. ही उणीव भरून काढण्यासाठी बिने व तेओदोर सिमाँ या तरुण वैद्याने 1905 मध्ये तीस चाचण्यांची पहिली मोजपट्टी प्रसिद्ध केली.

त्यांनी त्या वेळी केलेले विवेचन आजही वाचनीय आहे. एकाच मुलाविषयी दोन रुग्णालयांतील वैद्य दोन निदाने करतात, असे बिनेने दाखवून दिले. पण वैद्यांना दूषण देऊन त्याने शिक्षकांना मोकळे सोडले असे मात्र नव्हे. त्रासदायक मुलाला ‘असामान्य’ ठरवून त्याच्यापासून सुटका करून घेण्याचा मोह मुख्याध्यापकाला होऊ शकतो, आणि उलट, आपल्या शाळेत असले मूल एकही नाही असे सांगण्याचाही होऊ शकतो, हे तो जाणून होता. घरच्या माणसांचे सांगणेही प्रतिष्ठेने वा अडचणीने रंगलेले असते. सहकार्य हवे ते याचसाठी. प्रत्येकाची नजर कोठेतरी अधू असते. एकाची चूक दुसऱ्याच्या ध्यानात यावी. परस्परांवरील निखळ विश्वासातून जन्मलेले हे सहकार्य नव्हते, हे मोकळेपणाने मान्य करावे.

1905 मध्येच पॅरिसच्या ग्रांझ-ओ-बेल रस्त्यावरील एका प्राथमिक शाळेत बिनेने प्रयोगशाळा थाटली. तेथील मुख्याध्यापक व्हिक्तर वाने हे या कथेतले उपेक्षित पात्र होय. वाचन, गणित व शुद्धलेखन यांत कोणत्या वयाच्या मुलाकडून किती अपेक्षा धरावी याची मापे वाने यांनी शिक्षकाच्या अनुभवावरून आणि प्रत्यक्ष तपासणीवरून बसविली. 1907 च्या ग्रंथात बिने व सिमाँ यांनी जी कसोटी सांगितली ती अशाच शालेय मापावर उभी आहे: नऊ वर्षांखालील मूल अभ्यासात दोन वर्षे, व त्यावरील मूल तीन वर्षे मागे असेल तर त्याचा विचार करावा, मात्र आजारपणाने वा अन्य कारणाने शाळा बुडाली असेल तर तो काळ वजा करावा. अर्थात पहिली चाळणी शिक्षकाची. मानसशास्त्रीय परीक्षा तिच्या मागून येई, आणि कित्येकदा ती शिक्षकाने मागे पडलेला ठरविलेल्या मुलाच्या बाजूने साक्ष देई.

दृष्टीच्या तपासणीचे उदाहरण या श्रमविभागाचा उत्तम नमुना आहे. फळ्यावरचे न दिसल्यामुळे मंद ठरलेली मुले शाळांतून होती. प्रत्येक मूल नेत्रवैद्याकडे धाडणे अशक्य. म्हणून ठराविक अंतरावरून अक्षरे वाचवून संशयित मुले वेगळी काढण्याची रीत शिक्षकांच्या हाती देण्यात आली. दोष कोणता, हे सांगण्याचा अधिकार मात्र वैद्याचाच राहिला.

आणि पालक? 15 एप्रिल 1909 च्या फ्रेंच कायद्याने सुधारवर्ग स्थापण्यास मान्यता दिली, तेव्हा मुलाची निवड प्राथमिक शाळा-तपासनीस, सुधारशाळेचा एक संचालक वा शिक्षक आणि एक वैद्य अशा त्रिकुटाकडे सोपविली. मुलाच्या परीक्षेच्या वेळी कुटुंबाच्या प्रतिनिधीला नेहमी बोलावले जाईल, असेही त्यात नमूद केले. भाषेच्या अभ्यासकाची दृष्टी येथे क्रियापदांकडे वळते. समिती ‘ठरवील’, कुटुंबाला हजर राहण्यास ‘बोलावले जाईल’. एक क्रिया निर्णयाची, दुसरी उपस्थितीची. पालकाला दार उघडले गेले, पण आसन दिले गेले नाही. तथापि दारही न उघडणाऱ्या व्यवस्था याच्या आधी आणि नंतरही अनेक होऊन गेल्या, म्हणून या तरतुदीचे मोल कमी लेखू नये.

घराचे महत्त्व बिनेला पुढे आणखी एका मार्गाने पटले. 1908 मध्ये मोजपट्टीची वयवार मांडणी झाल्यानंतर ब्रुसेल्स येथे देक्रोली व दगाँ यांनी ती सुस्थितीतील कुटुंबांच्या मुलांवर वापरली. ही मुले पॅरिसच्या गरीब वस्तीतील मुलांहून स्पष्टपणे पुढे निघाली. 1911 मध्ये बिनेने याचा विचार करताना दाखविले की, ही आघाडी विशेषेकरून भाषेवर अवलंबून असणाऱ्या चाचण्यांत आहे. सुस्थित घरातील मूल दुसऱ्याचे बोलणे अधिक चांगले समजते व स्वतःही अधिक चांगले बोलते. म्हणजे मोजपट्टीवर मुलाच्या बुद्धीबरोबर त्याच्या घरातील बोलणेही मोजले जात होते. त्याच वर्षी बिने वारला. 1912 मध्ये विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये अमेरिकेत टर्मन याने शंभराने गुणलेला तो अंक रूढ केला. अंक सुटसुटीत होता. तो महासागर ओलांडून सहज गेला. वाने, शाळा-तपासनीस, दाराशी बसलेला बाप, ही माणसे मागेच राहिली. बुद्धी स्थिर असते, ती वाढवता येत नाही, या मताचा बिनेने 1909 मध्ये कडक निषेध केला होता. तोही मागे राहिला.

आपल्याकडे ही मोजपट्टी टर्मनच्या मार्गाने आली. धारवाड येथील व्ही. व्ही. कामत यांनी कानडी व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे संस्करण केले. त्यावरील त्यांचा इंग्रजी लेख 1934 मध्ये आणि ग्रंथ 1940 मध्ये प्रसिद्ध झाला. असे काम करणाऱ्यापुढील अडचणी भाषांतरकाराच्या नेहमीच्या अडचणींहून बिकट असतात. ऐकलेले वाक्य जसेच्या तसे म्हणावयाचे, ही चाचणी अक्षरसंख्येवर उभी आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटत असल्याने तेवढ्याच आशयाला निराळी अक्षरसंख्या लागते. यमके जुळवावयाची तर मराठीत ती क्रियापदाच्या शेवटी विनासायास जुळतात आणि चाचणी सोपी होऊन बसते. शब्दाचा अर्थ विचारावयाचा तर कोणता शब्द? पुस्तकातला ‘कोयता’ मुलाला ठाऊक नसेल, पण ‘विळा’ त्याच्या रोजच्या हातातला असेल. दुसऱ्या तालुक्यात याच्या नेमके उलट. परीक्षक धारवाडचा असो वा पुण्याचा, त्याला हे सांगू शकेल असे माणूस बहुधा एकच असते: मुलाला घेऊन आलेली आई. तिला विचारण्याची सोय छापील उत्तरपत्रिकेत नसते. म्हणून आमच्या पाहणीत मूल ज्या शब्दावर अडखळले त्या शब्दाशेजारी घरचा शब्द लिहिण्यासाठी आम्ही एक रकाना वाढविला, आणि तो भरण्याचे काम आईकडे किंवा, ती आली नसल्यास, तिच्या गावच्या शिक्षकाकडे सोपविले.