कोनन : तीनदा लिहिलेला रानटी माणूस

जुन्या सिनेमाचा रीमेक पडला की चाहत्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "मूळ सिनेमाला हात लावायलाच नको होता." २०११ च्या ऑगस्टमध्ये 'कोनन द बार्बेरियन'चा रीमेक आला आणि आपटला, तेव्हाही हेच झालं. १९८२ च्या आर्नोल्ड श्वार्झनेगरच्या सिनेमाची पूजा करणारी मंडळी अशी चिडली की जणू कुणी त्यांच्या घरचे देव विकले.

मला ते वाक्य पटत नाही. निदान कोननच्या बाबतीत तरी नाही. कारण हा गडी मुळात जन्मालाच आला तो एका रीमेकमधून. आणि ही गोष्ट नीट समजून घेतली तर २०११ च्या सिनेमावर चिडायचं खरं कारण दुसरंच निघतं. म्हणून आज थोडा इतिहास.

रॉबर्ट हॉवर्ड नावाचा टेक्ससमधला एक लेखक. क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात आईवडिलांबरोबर राहायचा आणि स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांसाठी कथा पाडायचा. बॉक्सिंगच्या, काउबॉयच्या, भुताखेतांच्या, मागाल त्या. १९२९ मध्ये त्याने कल नावाच्या राजाची एक कथा लिहिली, 'बाय धिस अ‍ॅक्स आय रूल!'. रानटी टोळीतून आलेला माणूस राजा झालाय आणि दरबारी लोक त्याच्या खुनाचा कट करतायत, असा मामला. कथा साभार परत आली. पठ्ठ्याने ती जपून ठेवली. १९३२ मध्ये बाहेर काढली, प्रेमप्रकरण कापलं, जादू घातली, कलच्या जागी कोनन नावाचा नवा माणूस बसवला आणि 'द फिनिक्स ऑन द सोर्ड' नावाने 'वीअर्ड टेल्स' मासिकाला पाठवली. डिसेंबर १९३२ च्या अंकात ती छापून आली. ही कोननची पहिली कथा. म्हणजे आमच्या भाषेत सांगायचं तर जुना रिजेक्ट झालेला कोड उचलला, रिफॅक्टर केला आणि तोच प्रॉडक्शनला गेला.

गंमत म्हणजे या पहिल्याच कथेत कोनन मध्यमवयीन राजा आहे. पुढच्या कथेत तो तरुण, मग चोर, मग चाचा, मग भाडोत्री सैनिक, असा आयुष्यात कुठेही उड्या मारत राहतो. क्रम वगैरे काही नाही. १९३२ ते १९३६ या काळात 'वीअर्ड टेल्स'मध्ये अशा १७ कथा आल्या.

हॉवर्डला यात नुसती मारामारी करायची नव्हती. त्याच्या लहानपणी त्या भागात तेल सापडलं होतं. झोपाळू गावं रातोरात माणसांनी भरायची, जुगार, दारू, गुंड, सगळं यायचं आणि तेल संपलं की ओसाड व्हायची. सुधारणा म्हणजे काय चीज असते ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की कोनन म्हणजे त्याने पाहिलेल्या तेलविहिरींवरच्या मजुरांची, बॉक्सरांची, जुगाऱ्यांची, चोरटी दारू विकणाऱ्यांची मोट आहे. तेव्हा कोननच्या कथांमध्ये एक प्रश्न कायम मागे उभा असतो. हे राजवाडे, हे पुजारी, हे कायदे खरे की ही सगळी वरवरची साय? हॉवर्डचं स्वतःचं उत्तर बरंच काळं होतं. मासिकाने त्याचे ८०० डॉलरहून जास्त पैसे थकवले होते, आई क्षयाने खंगत होती. ती आता शुद्धीवर येणार नाही असं कळल्यावर ११ जून १९३६ ला त्याने स्वतःला संपवलं. वय फक्त ३०.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९६६ पासून कोनन पेपरबॅकमध्ये आला, वर फ्रँक फ्रझेटाची ती प्रसिद्ध चित्रं. संपादक स्प्रेग डी कँप आणि लिन कार्टर यांनी हॉवर्डच्या अर्धवट कथा पुऱ्या केल्या, स्वतःच्याही घुसडल्या. १९७० मध्ये मार्व्हलने कॉमिक काढलं. चाहत्यांमध्ये 'शुद्ध हॉवर्ड' विरुद्ध 'भेसळ' हे भांडण या काळातलं. सिनेमा यायच्या आधीचं, हे लक्षात ठेवा.

आता १९८२. ऑलिव्हर स्टोनने एक अफाट पटकथा लिहिली होती, महाप्रलयानंतरच्या भविष्यकाळात घडणारी, उत्परिवर्तित प्राण्यांच्या फौजा वगैरे. दिग्दर्शक जॉन मिलियसने ती बरीचशी बाजूला ठेवली आणि स्वतःची गोष्ट रचली. खलनायक थुल्सा डूम उचलला तो कलच्या कथांतून. नायिका व्हलेरिया एका कथेतली, पण तिचं मरणानंतर मदतीला येणं दुसऱ्याच कथेतल्या दुसऱ्याच बाईचं. झाडाला खिळे ठोकून मारणं तिसरीकडचं. थडग्यातली तलवार तर हॉवर्डची नाहीच, ती डी कँप-कार्टर जोडीची. आणि लहानपणापासूनची गुलामगिरी मिलियसने पदरची घातली. हॉवर्डचा कोनन तरुणपणी कुणाचा गुलाम नव्हता, पंधराव्या वर्षी तो शत्रूचं ठाणं लुटणाऱ्या टोळीत होता आणि जगात उतरला तो स्वतःच्या पायांनी. शिवाय तो बडबड्या, चलाख, चार भाषा बोलणारा. आर्नोल्डला त्या वेळी धड एक इंग्रजी बोलायची मारामार!

साहजिकच हॉवर्डचे वाचक तेव्हा संतापले होते. 'हा आमचा कोनन नव्हे.' अगदी हेच शब्द २०११ मध्ये १९८२ च्या चाहत्यांनी वापरले. काही समीक्षकांना सिनेमात फासिझमचा वास आला तो वेगळाच. पण सिनेमा चालला. साधारण २ कोटी डॉलरमध्ये बनला आणि नुसत्या अमेरिकेत जवळपास ४ कोटी कमावले.

आणि सिनेमा टिकला, तो का टिकला? माझ्या मते पहिल्या वीसेक मिनिटांमुळे. गावावर हल्ला होतो. बापाला कुत्री फाडतात. थुल्सा डूम आईसमोर उभा राहतो, काही बोलत नाही, नुसता बघत राहतो, वळतो आणि तलवार फिरते. पोराच्या हातातून आईचा हात सुटतो. मग त्या पोराला एका प्रचंड लाकडी चाकाला जुंपतात. आपल्याकडे घाण्याला बैल जुंपायचे तसं. चाक कशासाठी आहे ते कुणी सांगत नाही. पोरं मरत जातात, ऋतू बदलतात, पाय जाड होत जातात, आणि शेवटी चाक ओढणारा एकच उरतो. तो मान वर करतो तेव्हा तो आर्नोल्ड असतो. संवाद जवळजवळ नाहीत. आहे ते बेसिल पोलेडूरिसचं संगीत, तेही असं की सिनेमा न पाहिलेल्यांनीही कुठल्या तरी ट्रेलरमध्ये ऐकलेलं असतं.

हॉस्टेलवर आम्ही हे दोन्ही सिनेमे लागोपाठच्या दोन शनिवारी पाहिले. माझ्या रूममेटला हॉवर्ड कोण, काही पत्ता नव्हता. चाकाच्या प्रसंगाला त्याने हातातला मोबाइल पालथा ठेवला. दुसऱ्या शनिवारी, रीमेक चालू असताना, त्याने मला तीनदा विचारलं, "अरे, पण याला तो मुखवटा कशाला हवाय?" परीक्षण म्हणून हे मला पुरेसं वाटतं.

तर रीमेक. तो व्हायला इतकी वर्षं का लागली? १९८४ मध्ये दुसरा भाग आला, तो सौम्य करून टाकलेला आणि बराच पोरकट. मग हक्क वर्षानुवर्षं वॉर्नर ब्रदर्सकडे पडून राहिले. मिलियसने म्हाताऱ्या राजा कोननवर पटकथा लिहिली, पण २००३ मध्ये आर्नोल्ड कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर झाला आणि तेही बारगळलं. शेवटी २००७ मध्ये हक्क दुसऱ्या कंपनीकडे गेले. दिग्दर्शक मार्कस निस्पेल, नायक जेसन मोमोआ, चित्रीकरण बल्गेरियात, खर्च सुमारे ९ कोटी डॉलर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. हा सिनेमा बेपर्वाईने केलेला नव्हता. चाहत्यांची यादी समोर ठेवून केल्यासारखा होता. रक्तपात कापून मुलांसाठी करू नका, म्हणाले? नाही केला, प्रमाणपत्र मोठ्यांचंच राहिलं. हॉवर्डने कोननचा जन्म रणांगणावर झाल्याचं लिहिलंय? घ्या, पहिल्याच प्रसंगात रणांगणावर जन्म. गुलामगिरी हॉवर्डची नाही? काढली. कोनन चपळ, चित्त्यासारखा हवा? मोमोआ आर्नोल्डपेक्षा त्या वर्णनाच्या कितीतरी जवळ आहे. हॉवर्डच्या कथेतला एक गाजलेला संवादही थोडा छाटून त्याच्या तोंडी घातलाय. सगळ्या चौकटींत टिकमार्क.

तरीही दोन्ही गट नाराज! पहिल्या आठवड्याअखेरीस सुमारे १ कोटी डॉलर आणि चौथा क्रमांक. अमेरिकेत एकूण कमाई २ कोटी १० लाखांच्या आसपास. हॉवर्डवाले म्हणाले, तपशील आमचे घेतलेत पण गोष्ट कुठल्याही व्हिडिओ गेमची आहे. १९८२ वाले म्हणाले, संगीत नाही, शांतता नाही, कॅमेरा कुठे थांबतच नाही. मागाहून चिकटवलेल्या थ्रीडीला तर दोघांनी मिळून शिव्या घातल्या. गंमत म्हणजे सुरुवातीचा पोरगेल्या कोननचा भाग बऱ्याच जणांना आवडला. तोंडात अंडं धरून डोंगर पळायचा, अंडं फुटता कामा नये. वाटेत हल्लेखोर भेटतात, हा त्यांना मारून मुंडकी घेऊन येतो आणि अंडं शाबूत. मलाही तो प्रसंग आवडतो. त्यात त्या पोराबद्दल काहीतरी कळतं.

जोएल स्पोल्स्कीचा २००० सालचा लेख आमच्या धंद्यात सगळ्यांनी वाचलेला असतो. नेटस्केपने ब्राउझर कोऱ्या पाटीवर पुन्हा लिहायला घेतला आणि कंपनी कशी मागे पडली, त्याबद्दलचा. त्याचा मुद्दा असा की जुन्या कोडमधल्या विचित्र ओळी म्हणजे कुणीतरी कधीतरी सोडवलेले खरे प्रश्न असतात, ते स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेले नसतात. रीमेकवाल्यांचं असंच झालं असं म्हणायचा मोह होतो, पण ते अर्धंच खरं आहे. कारण हॉवर्डने कल पुन्हा लिहिला आणि तो सुधारला. मिलियसने हॉवर्ड मोडून तोडून लिहिला आणि तोही जमला. म्हणजे पुन्हा लिहिण्यात दोष नाही. या दोघांकडे विचारायला स्वतःचा काही प्रश्न होता, तिसऱ्याकडे फक्त यादी होती.

मिलियसचा प्रश्न कुठला, ते बापाच्या तलवारीकडे पाहिलं की कळतं. १९८२ च्या सिनेमात बाप पोराला सांगतो की माणसावर, बाईवर, जनावरावर भरवसा ठेवू नकोस, ठेवायचा तर या पोलादावर ठेव. पुढे थुल्सा डूम त्याला उलटं दाखवतो. कड्यावर उभ्या असलेल्या भक्त पोरीला नुसतं बोलावतो आणि ती उडी टाकून मरते. आता सांग, ताकद पोलादात की माणसाच्या मनात? शेवटच्या लढाईत बापाची तीच तलवार शत्रूच्या हातात असते आणि कोनन स्वतःच्या तलवारीने ती मोडतो. मग त्याच मोडक्या तुकड्याने डूमचं डोकं उडवतो. त्याआधी लढाईच्या तोंडावर क्रॉम देवाची प्रार्थना करतो तीही अशी की ऐकायचं तर ऐक, नाहीतर गेलास उडत. (क्रॉमला नवस बोलून उपयोग नसतो, हे मात्र पक्कं हॉवर्डचं.) बापाने दिलेलं उत्तर पुरलं नाही, देव ऐकेल याची खात्री नाही, सूड घेऊन झाल्यावर हा पायऱ्यांवर नुसता बसून राहतो.

२०११ मध्येही बापाची तलवार आहे. खलनायक ती पळवतो, कोनन त्याला मारून ती परत मिळवतो आणि गावी जाऊन बापाच्या आठवणीपुढे उभा राहतो. तलवार अखंड. हरवलेली वस्तू सापडली, तिकीट क्लोज्ड.

शॉन हूड हा रीमेकच्या तीन पटकथाकारांपैकी एक, ऐन वेळी दुरुस्तीसाठी आणलेला. सिनेमा पडल्यावर त्याने फार मोकळेपणाने लिहिलं होतं. पहिला दिवस म्हणजे निवडणुकीच्या निकालाची रात्र, आकडे येऊ लागतात आणि रात्र सरायच्या आत कळतं की आपला उमेदवार दणकून पडलाय. चिडलेल्या चाहत्यांनी ते वाचलं असेल तर त्यांचा राग थोडा निवला असेल. ९ कोटींचा सिनेमा पाडायलाही माणसं रात्रंदिवस राबलेली असतात.

आणि मोमोआचं काय? त्याच वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे रीमेकच्या चार महिने आधी, 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये तो खाल ड्रोगो म्हणून आला होता. घोड्यावरचा रानटी सरदार, बोलणं अगदी मोजकं, तेही बनवलेल्या भाषेत. त्याला लोकांनी डोक्यावर घेतलं. तोच माणूस, तेच दंड, तेच लांब केस.